हाडवळ्याची पहिली नांगरट

भावकूचा बैल मेला मंगळवारी सकाळी, आणि तेव्हापासून मायाप्पाच्या जिवाला स्वस्थता म्हणून उरली नाही. आता बैल काय, आज ना उद्या मरतोच. तळेवाडीत वर्षाला चार-सहा जनावरं मरतात, लोक दोन दिवस हळहळतात आणि तिसऱ्या दिवशी कामाला लागतात. पण मायाप्पा पडला सरकारी गुरांच्या दवाखान्यातला स्टॉकमन. गाव त्याला तोंडावर डॉक्टर म्हणायचं आणि पाठीमागं यल्लाप्पाचा पोरगा. दोन्ही नावं त्याला लागू होती, आणि त्या आठवड्यात दोन्ही नावांनी त्याला छळलं.

साल एकोणऐंशी, मे महिना. वळवाचे दोन पाऊस होऊन गेलेले. मायाप्पाचा दवाखाना सांबऱ्याला, तळेवाडीपासून सायकलनं अर्ध्या तासावर. भावकूचा निरोप आला तेव्हा मायाप्पा घरीच तोंड धूत होता. तसाच गेला. भावकू गोठ्याच्या दारात उभा होता आणि आत त्याचा हौश्या आडवा पडला होता.

"रातीला वैरण खाल्ली रं त्यानं," भावकू म्हणाला. "सकाळी बघतो तर ह्यो असा."

मायाप्पा तीन पावलांवरच थांबला. पोट टम्म फुगलेलं. नाकातनं आणि शेपटीखालनं काळं, डांबरासारखं रक्त आलेलं, आणि ते गोठलेलं नव्हतं. पाय अजून ताठरले नव्हते. पुस्तकात वाचलेलं, परीक्षेत लिहिलेलं, पण डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होता.

"कातडंवाल्याला निरोप धाडलाय," भावकू सांगत होता. "दुपारपतूर येतोय."

"त्याला परत लावा भावकूअण्णा. ह्याला सुरी लावायची न्हाय."

"का रं? बैल तर गेलाच. कातडं तरी—"

"फाशीचा रोग हाय ह्यो. माणसालाबी लागतोय, काळी पुळी येती. आत हाय तवर हा जंतू दोन-तीन दिसांत कुजून आपोआप मरतोय. पण फाडलं, रक्ताला वारा लागला, की त्याचं बी हुतंय. मग ते मरत न्हाय."

"रोगाचं बी?" भावकूनं त्याच्याकडं असं बघितलं की हा शिकून शहाणा झालाय का वेडा, ते कळेना.

"जोंधळ्यावरची काणी बघितलीसा न्हवं? कणसात दाण्याच्या जागी काळी पूड हुती. ती पूड म्हंजे काणीचं बी. चांगल्या दाण्याला चिकटून बसतंय, डोळ्याला दिसत न्हाय, नि पुढच्या साली सगळं कणीस खातंय. म्हणूनच पेरताना गंधक चोळता की न्हाय?"

काणी भावकूला पटली. शेतकऱ्याला शेतातलंच सांगावं लागतं. भावकू आणि त्याचे दोघं भाऊ कुदळी घेऊन गोठ्यामागं खणायला लागले. पुरुषभर खड्डा, खाली चुना, वर चुना. जनावर ओढताना तिघांची तोंडं वाकडी झाली होती. यांच्या आज्या-बापाच्या काळात हे काम मायाप्पाच्या आज्या-बापाला हाक मारून व्हायचं. छप्पन्न सालानंतर दीक्षा घेतल्यावर मायाप्पाच्या बौद्धवाड्यानं मेल्या ढोराला हात लावायचा नाही असं ठरवलं ते ठरवलं. आता मायाप्पा काठावर उभा राहून 'दोर असा धरा, रक्त अंगाला लावून घेऊ नका' म्हणून सांगत होता आणि गाव ओढत होतं. एरवी त्याला याची मनातल्या मनात गंमत वाटली असती. त्या दिवशी वाटली नाही.

पुरायच्या आधी त्यानं बैलाचा कान टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेतला होता. दुपारच्या गाडीनं तो बेळगावला गेला. मोठ्या साहेबांनी पट्टी रंगवली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि त्याला बोलावलं. कांडीला कांडी लागून बांबूची पेरं पडावीत तशा निळ्या काड्या. शंकेला जागाच नव्हती.

साहेबांनी कन्नडातनं विचारलं, गावात नवी विहीर खणली का, तळ्यातला गाळ उपसला का, कुणी पडीक रान नांगरलं का. "हे बी कुठनं तरी वर आलंय," ते म्हणाले. "ती जागा शोध. लस उद्यापासून टोचायला घे, आणि हा फॉर्म भरून आण."

फॉर्मवर छापलं होतं: रोगाचं उगमस्थान, सर्व्हे नंबर, जमीनमालकाचं नाव. आणि खाली, सदर जमिनीत नांगरट व चराई बंद करण्याची शिफारस.

मायाप्पाला शोधायला कुठं जायची गरज नव्हती. साहेबांच्या तोंडून 'पडीक रान' हे शब्द निघाले तेव्हाच त्याला ती जागा कळली होती. 'बघतो सर' म्हणून त्यानं फॉर्मची घडी केली आणि शर्टाच्या खिशात घातली.

ते रान त्याच्या बापाचं होतं.

हाडवळा म्हणायचे त्याला. गावची मेलेली ढोरं ओढून न्यायची, फाडायची, हाडं तिथंच टाकायची, आणि या कामाबद्दल गावानं दिलेला जमिनीचा तुकडाही तोच. काम सोडलं, पुढं वतनं खालसा झाली, जमीन सरकारजमा झाली. तेव्हापासून यल्लाप्पानं कचेरीचा उंबरा झिजवायला घेतला. पंधरा वर्षं. अर्ज केला की साहेब बदलायचा, साहेब आला की कागद हरवायचा. शेवटी गेल्या भाद्रपदात उताऱ्यावर नाव चढलं: यल्लाप्पा. म्हाताऱ्यानं तो उतारा घरी आणून बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवला आणि आठ दिवस येईल-जाईल त्याला दाखवला. ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही दाखवला.

आणि या मे महिन्यात, बैल मेला त्याच्या तीन दिवस आधी, पहिली नांगरट. बैल एकच, म्हणून भावकूशी पैरा केला. याचा एक, त्याचा एक, मिळून जोडी; आधी याचं रान, मग त्याचं. भावकूनं बौद्धवाड्यातल्या माणसाशी पैरा केला म्हणून गावात कुजबुज झाली. भावकू म्हणाला, बैलाला काय कळतंय. लोखंडी नांगर लावून खोल नांगरलं. फाळाला हाडं लागली ती यल्लाप्पा हातानं वेचून बुट्टीत टाकत होता. दुपारी हौश्या बांधावरच्या कोवळ्या गवताला लागला. यल्लाप्पाचा बैल पोट बिघडलं म्हणून त्या दिवशी नुसत्या कडब्यावर होता. वाचला तो एवढ्यावरच.

तेव्हा फॉर्म भरायला पाच मिनिटंसुद्धा लागली नसती. मायाप्पानं तीन दिवस तो खिशातच ठेवला.

बुधवारपासून तो घरोघर लस टोचत फिरत होता. त्या बाटलीतसुद्धा बीच होतं, त्याच जंतूचं, पण दुबळं केलेलं. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, नाहीतर एकानंही जनावर पुढं केलं नसतं. एका गोठ्यातनं दुसऱ्यात जाताना हात आपोआप खिशाकडं जायचा. घडी मोडायची, वाचायची, परत घालायची. 'माहीत नाही' असं लिहिलं तर? साहेब काय तळेवाडीला येऊन उकरून बघणार होते? लस तर टोचतोच आहे. जनावरं वाचतील. आणि खरं लिहिलं तर गाव काय म्हणेल तेही त्याला ऐकू येत होतं: बघा, ह्यांच्या हातात जमीन गेली आणि पहिल्याच नांगरटीला बैल खाल्ला. जेवण जात नव्हतं. बसलं की उठावंसं वाटे, उठलं की कुठं जावं ते कळेना. स्वतःचा राग येत होता, बापाचा येत होता, आणि ज्यांनी ती हाडं तिथं टाकायला लावली त्यांचा तर मुळापासून येत होता.

शुक्रवारी ऊन उतरताना गावाच्या वळणावर भावकूची बायको जयाबाई भेटली. डोक्यावर हिरव्यागार गवताचा भारा.

"कुठनं आणलंसा जयाक्का?"

"तुमच्याच हाडवळ्यातनं की. बैल गेला त्या दिशी तुझ्या बानंच सांगितलं, गाईला न्हे म्हणून. तवापासनं न्हेतोय."

गायीला लस दोनच दिवसांपूर्वी टोचलेली. लस अंगात मुरायला आठ-दहा दिवस लागतात.

"ते टाका," तो म्हणाला. "औषध फवारलंय तिथं. इषारी हाय."

"बाई गं. सांगायचं तरी आधी." तिनं भारा खाली टाकला आणि पदरानं हात पुसले. मायाप्पानं काडी ओढून भारा तिथंच पेटवायला घेतला. ओलं गवत पेटेना, नुसता धूर झाला. मग त्यानं वाळक्या काटक्या गोळा करून घातल्या. पस्तीस मैलात कुणी फवारणी केली नव्हती. त्याला स्वतःची लाज वाटली. खोटं बोलून त्यानं एक दिवस मिळवला होता, बस्स.

घरी आला तर यल्लाप्पा कट्ट्यावर बसलेला. मे महिन्याच्या उकाड्यात अंगात लांब बाह्यांचा सदरा, बटणं मनगटापर्यंत लावलेली. मायाप्पाची आई गंगव्वा चुलीपासनं म्हणाली, "तू तरी सांग तुझ्या बाला. तीन दिस झालं, सदरा काढंना. डाव्या हातानं जेवतोय."

मायाप्पा पुढं झाला आणि त्यानं काही न विचारता बापाची उजवी बाही वर केली. मनगटाच्या वर सुजून टम्म झालेलं, आणि मधोमध रुपयाएवढी काळीकुट्ट खपली.

"दुखतंय?"

"न्हाय."

दुखत असतं तर बरं झालं असतं. काळपुळी दुखत नाही.

"आप्पा, कवा कळलं तुमाला?"

"बैलाच्या नाकातलं रगत बघितलं तवा अंदाज आलता. पर रोग आपल्याच रानातला ते पुळी काळी पडली तवाच कळलं." यल्लाप्पा शांतपणानं बाही खाली ओढायला लागला. "नागोजीच्या मानंला आलती. माझा थोरला भाऊ. लगीन हुऊन म्हैना झालता त्याचं. दोन म्हशी एकदम फाडल्याल्या आमी, त्या फाशीच्या हाईत ते कुणाला ठावं हुतं. चौथ्या दिशी गेला."

"आणि तुमी गप बसलासा?"

"तू न्हाय बसलास व्हय?" म्हातारा म्हणाला. "तीन दिस खिशातला कागद काढतोस नि ठेवतोस. मला वाचायला येतंय, मायाप्पा. तू अंघोळीला गेलतास तवा वाचला मी."

गंगव्वा चुलीपासनं उठून दारात आली. तिला सगळं कळलं नव्हतं, पण नवऱ्याच्या हाताकडं बघून जेवढं कळायचं तेवढं कळलं होतं. ती खाली बसली.

"दवाखान्यात गेलो तर इचारत्यात, कुठं लागलं म्हणून," यल्लाप्पा म्हणाला. "मग रान जातंय. माझं काय, साठी उलटली. रान तरी ऱ्हाऊ दे."

"रान ठेवून तुमाला पुरू?" मायाप्पाचा आवाज चढला. बापावर असा तो जन्मात ओरडला नव्हता. "सुईनं बरं हुणारा रोग हाय हा आता. नागोजीकाकाच्या वक्ताला सुई नव्हती."

"गवताचं तुला ठावं न्हाय अजून. जयाबाईला मीच सांगितलं न्हे म्हणून. माझ्या मनाला लागलं हुतं, बैल गेला तिचा. मग पुळी काळी पडली. आता नको न्हेऊ म्हणायचं तर कशापायी म्हणून सांगू? दोन राती डोळ्याला डोळा न्हाय." मग जरा थांबून त्यानं विचारलं, "किती दिस असतंय ते मातीत?"

आता इथं खोटं बोलता आलं असतं. मायाप्पा बापाशेजारी कट्ट्यावर बसला.

"काणीचं बी, नाहीतर विहिरीतल्या नेच्याच्या पानाखाली तपकिरी पूड असती ती, ती वाढायसाठी असती आप्पा. एकातनं हजार हुत्यात, वाऱ्यानं जात्यात, कुठंतरी रुजत्यात. ह्या जंतूचं बी तसलं न्हाय. एका जंतूचं एकच बी. ते वाढत न्हाय, खात न्हाय, पीत न्हाय. अंगावर कवच चढवून नुसतं बसून ऱ्हातंय. ऊन झालं, पाऊस झाला, चार उकळ्या आल्या तरी मरंना. पन्नास वर्सं म्हणत्यात. जास्तबी. पोटात न्हाय तर जखमंत गेलं की जागं हुतंय."

"औषध?"

"एवढ्या रानाला न्हाय."

"म्हंजे माझ्या हयातीत न्हाय."

"माझ्याबी न्हाय," मायाप्पा म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. सत्तावीस वर्षांचा सरकारी नोकर, आईबापासमोर बसून पोरासारखा रडला.

म्हाताऱ्यानं त्याला रडू दिलं. मग उठून पायात वहाणा सरकवल्या.

"चल. आधी भावकूकडं."

"आधी दवाखाना, आप्पा."

"दवाखान्यात मेलो तर सांगायचं ऱ्हाऊन जाईल."

भावकू रिकाम्या दावणीपाशी चऱ्हाट वळत बसला होता. यल्लाप्पा अंगणातच उभा राहिला, बाही वर केली, हात दाखवला आणि सगळं सांगितलं. हाडं, गवत, बैल, पुळी. काही झाकलं नाही.

भावकूचे हात थांबले. त्यानं चऱ्हाट खाली ठेवलं. मग म्हणाला, "माझा बैल तुझ्या रानानं खाल्ला म्हण की."

"व्हय," यल्लाप्पा म्हणाला. "रान माझं. आठ म्हैनं झालं माझं हुऊन. पर त्यातली हाडं तुमच्या गोठ्यांतली हाईत भावकू. एकेक सांगतो, कुणाच्या दावणीचं कुठं पडलंय. तुझ्या बाच्या दोन म्हशी हाईत त्यात, एकाच दिशी मेल्याल्या. तुझा बा दारात येऊन म्हणालता, यल्ल्या, ऊन व्हायच्या आत ओढा. त्याच म्हशी फाडून नागोजी गेला."

असं गावात आजवर कुणी कुणाच्या अंगणात उभं राहून बोललं नव्हतं. मायाप्पाला वाटलं, आता भावकू कुदळ उचलतोय. भावकू जमिनीकडं बघत बसला.

जयाबाई मागं उभी होती. ती मायाप्पाला म्हणाली, "फवारलंय म्हणालास मगाशी."

"खोटं सांगितलं, आक्का."

तिनं आपले दोन्ही हात पुढं धरले, उलटे-सुलटे करून कोपरापर्यंत बघितले. मायाप्पानंही बघितले. काही नव्हतं. गायीला आठ दिवस बाहेर सोडू नका, तिचं दूध वापरू नका, ती जरा जरी मलूल दिसली तरी मला बोलवा, असं तो सांगत राहिला आणि ती मान हलवत राहिली.

भावकू उठला. भिंतीला लावलेली सायकल त्यानं अंगणात काढली. "सात वाजता शेवटची गाडी हाय सांबऱ्यातनं," तो यल्लाप्पाला म्हणाला. "बस मागं." आणि सांबऱ्यापर्यंत त्यानं कुठं दम घेतला नाही. मायाप्पा दुसऱ्या सायकलीवरनं मागून येत होता. पुढं भावकूची पाठ घामानं भिजलेली आणि कॅरियरवर त्याचा बाप, चांगल्या हातानं सीट धरून बसलेला, एवढंच त्याला दिसत होतं.

बेळगावच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कुठं लागलं. यल्लाप्पानंच सांगितलं. पेनिसिलिनची सुई सुरू झाली. पहिले दोन दिवस सूज खांद्यापर्यंत चढली, तापानं म्हातारा बडबडत होता, नागोजीला हाका मारत होता, आणि मायाप्पा व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या दिवशी म्हाताऱ्यानं चहा मागितला आणि चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "कागद काढ."

मायाप्पानं फॉर्म पलंगावर पसरला. घड्यांवर तो फाटायला आला होता. उगमस्थान लिहिलं. सर्व्हे नंबर लिहिला. जमीनमालकाचं नाव लिहायला पेन टेकवलं आणि त्याचा हात अडला. उताऱ्यानंतर बापाचं नाव मालक म्हणून चढणारा हा दुसरा सरकारी कागद, आणि तो हा.

"लिही की," यल्लाप्पा म्हणाला. "पुरं लिही. बाचं नाव, आडनाव, सगळं."

त्यानं पुरं लिहिलं. खाली मालकाची सही लागत होती. यल्लाप्पानं पट्टी बांधलेल्या उजव्या हातात पेन घेऊन बघितलं, बोटं वळेनात. मग डाव्या हातात घेतलं आणि जीभ दातांत धरून, एकेक अक्षर बसवत सही केली. वाकडी आली. त्यानं कागद लांब धरून बघितला.

"नांगरायचं न्हाय, चारायचं न्हाय," तो म्हणाला. "पर उताऱ्यावरनं नाव काढत न्हाईत न्हवं?"

"न्हाय आप्पा. नाव ऱ्हातंय."

"पन्नास वर्सं?"

"त्याच्या पुढंबी."

"मग ऱ्हाऊ दे," यल्लाप्पा म्हणाला, आणि त्यानं कागद मायाप्पाच्या हातात दिला.